लाकडी डब्याचा इतिहास आणि त्याच्या प्रतिकृती



वसंत ऋतूतील व्याख्यानमालेला श्रोते येतात ते बहुधा राज्यकर्त्यांचा, संतांचा किंवा ग्रंथकारांचा इतिहास ऐकण्यासाठी. आम्ही आज आपणांस आगगाडीच्या एका डब्याचा इतिहास ऐकवणार आहोत. आणि तोही लाकडी डब्याचा, जो आता रुळांवर क्वचितच दिसतो, परंतु काही हौशी माणसांच्या टेबलावर आणि बागेत दोन फूट लांबीच्या रूपाने पुन्हा जन्माला येतो. कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने या खेळण्याच्या नादी का लागावे, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल, अशी आमची उमेद आहे.

आमचे शालेय शिक्षण थोडके. पुढचे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांवर झाले. त्या दुहेरी शाळेत आम्ही एक गोष्ट शिकलो. कामगाराचा इतिहास दोन जागी लिहिलेला असतो. एक मजुरीच्या वहीत, न्यायालयाच्या निकालात आणि चौकशी आयोगाच्या अहवालात. दुसरा त्याने घडवलेल्या वस्तूत. पहिला वाचायला अक्षर लागते, दुसरा वाचायला हात लागतो. ज्याला दोन्ही वाचता येतात असा इतिहासकार विरळा. म्हणूनच लाकडी डब्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या माणसांकडे आमचे लक्ष गेले. ते दुसऱ्या प्रकारचा इतिहास वाचतात, आणि तो वाचता वाचता पुन्हा लिहितात.

हा विषय अमेरिकेतला आहे, तेव्हा आपणांस आम्ही तिकडेच घेऊन जाणार. लाकडी डब्याची कला सर्वत्र होती. पण इंग्लंडात आणि आपल्याकडे पुढे पुढे खालचा सांगाडा लोखंडाचा किंवा पोलादाचा झाला आणि वर सागवानी शरीर बसू लागले. अमेरिकेत मात्र अरण्ये अफाट, लाकूड स्वस्त. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत डब्याचा पायासुद्धा लाकडाचाच राहिला. पन्नास-साठ फूट लांबीची, माणसांनी भरलेली, वेगाने धावणारी एक इमारतच ती. तिचा भार लाकडाने कसा पेलला, हा या कलेचा गाभा आहे.

प्रथम डबा कसा बांधीत ते पाहू. जमिनीच्या पातळीला डब्याच्या पूर्ण लांबीच्या तुळया असत. दोन कडांना, बाकीच्या मध्ये. त्यांना लांब, सरळ लाकूड लागे, म्हणून दक्षिणेकडील पिवळा पाइन वापरीत. खांबांना ओक, छताच्या कमानींना वाकायला तयार असे अ‍ॅश, बाहेरच्या फळ्यांना पॉप्लर, आत शोभेला अक्रोड, चेरी आणि मॅहॉगनी. प्रत्येक झाडाचा स्वभाव ओळखून त्याला जागा दिलेली असे. खांब आणि तुळई यांचा सांधा खाचेत कुसू बसवून केलेला असे, आणि वरून लोखंडी सळ्यांनी आवळलेला असे.

परंतु पन्नास फुटी तुळई, दोन टोकांजवळ चाकांच्या गाड्यांवर ठेवली की मध्ये झोल घेणारच. त्यावर उपाय म्हणून डब्याच्या पोटाखालून लोखंडी सळ्या ओढलेल्या असत. दोन्ही टोकांना वर बांधलेल्या, मध्ये ठेंगण्या टेकूंवरून खाली उतरलेल्या, धनुष्याच्या दोरीसारख्या. इंग्रजीत त्यांना ट्रस रॉड म्हणतात. आम्ही ताणसळ्या म्हणू. त्यांच्या मध्यभागी टर्नबकल नावाचा फिरवण्याचा पेच असे. डबा म्हातारा होऊन पोट सोडू लागला, की कारखान्यात तो पेच फिरवून त्याला पुन्हा सरळ करीत. एवढ्यानेच भागत नसे. खिडक्यांच्या खालच्या भिंतीत, बाहेरच्या फळ्यांच्या आड, तिरकस लाकडांचा आणि उभ्या सळ्यांचा एक सांगाडा दडलेला असे. आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध सुतार आहेत. आयुष्य आगगाडीचे डबे दुरुस्त करण्यात गेले. त्यांच्यापुढे आम्ही अशा सांगाड्याचा आराखडा ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बोट फिरवले आणि म्हणाले, “हे डब्याचं काम न्हवं. हा पूल हाय. पुलाला चाकं लावल्यात.” अभियंत्यांच्या ग्रंथांत जे आहे ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. लाकडी डबा हा खरोखरच चालता पूल होता.

छताची रचना दुमजली. मधला भाग उंच उचललेला आणि त्याच्या दोन्ही अंगांना झरोक्यांची पट्टी. त्यातून उजेड येई आणि कोंदट हवा बाहेर जाई. छतावर पत्रा किंवा रंगाने भिजवलेले कॅनव्हास. नंतर रंगाऱ्यांचा विभाग. अस्तराचा थर, तो दगडाने घासणे, पुन्हा थर, पुन्हा घासणे, मग मुख्य रंग, सोनेरी अक्षरे, आणि शेवटी व्हार्निशचे हात. मिळून थरांची संख्या डझनाच्या घरात जाई आणि डबा कित्येक आठवडे रंगशाळेत उभा राही. चाकांचीही एक गंमत सांगितली पाहिजे. रिचर्ड अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने दाबून घट्ट केलेल्या कागदाचे चाक काढले. गाभा कागदाचा, वर पोलादी धाव. त्याने हादरे आणि आवाज कमी होत, म्हणून पुलमनच्या आलिशान डब्यांखाली ही कागदी चाके हजारो मैल धावली.

हे सगळे जुळवायचे, तर कामगारांना एकमेकांची भाषा समजली पाहिजे. एका कारखान्यात ज्या तुकड्याला एक नाव, त्यालाच दुसरीकडे दुसरे नाव. डबा मात्र एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर जाई आणि वाटेत मोडला तर दुरुस्तीला सुटा भाग मागवायचा कोणत्या नावाने? १८६७ साली स्थापन झालेल्या मास्टर कार-बिल्डर्स असोसिएशनने हा घोळ मिटवण्यासाठी एक कोश करवून घेतला. मॅथियस फोर्नी यांनी सिद्ध केलेली ही ‘कार-बिल्डर्स डिक्शनरी’ १८७९ साली प्रसिद्ध झाली. आमच्या मते हा जगातील एक थोर कोश आहे. त्यात कवींचे शब्द नाहीत. सुतार, लोहार, ओतारी आणि रंगारी यांच्या तोंडचे शब्द चित्रांसह नोंदलेले आहेत. प्रतिकृती करणारी माणसे आजही तो उघडतात.

आता प्रतिकृतींकडे वळू. लहान नमुना ही मुळात मुलांची वस्तू नव्हे. अमेरिकेत १८८० पर्यंत पेटंट मागणाऱ्याला सामान्यतः अर्जाबरोबर आपल्या शोधाचा नमुना सादर करावा लागे. म्हणजे नमुना हा एक प्रकारचा दस्तऐवज होता. खेळण्यातली आगगाडी वेगळ्या वाटेने आली. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांच्या रुंदीला क्रमांक देऊन एक पद्धतशीर मालिका मांडली. त्यातला एक क्रमांकाचा मार्ग म्हणजे आजचा ४५ मिलिमीटर रुंदीचा रूळ. १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने ‘एल.जी.बी.’ या नावाने याच रुंदीची, ऊन-पाऊस सोसणारी बागेतली आगगाडी काढली आणि मोठ्या प्रमाणातील प्रतिकृतींना नवा बहर आला.

येथे थोडा हिशेब केला पाहिजे. तो अवघड नाही. रूळ तोच, ४५ मिलिमीटरचा. त्याला आपण खरा स्टँडर्ड गेज, ४ फूट साडेआठ इंचांचा, मानला तर प्रमाण १:३२ पडते. मीटरगेज मानला तर १:२२.५ च्या आसपास. आणि तीन फुटी अरुंद मार्ग मानला तर १:२०.३. या शेवटच्या प्रमाणात एक फूट म्हणजे १५ मिलिमीटर आणि एक इंच म्हणजे सव्वा मिलिमीटर. चाळीस फुटी डबा सुमारे ६० सेंटिमीटरचा होतो. आपल्या जुन्या मापाने दोन फुटांना किंचित कमी. याहून मोठ्या, माणसांना बसवून नेणाऱ्या १:८ प्रमाणाच्या गाड्याही आहेत. परंतु लाकडी डब्याच्या बारीक कामाला १:२०.३ हे प्रमाण विशेष मानवते. वस्तू हातात मावते आणि तरीही दाराची मूठ, खिडकीची कडी, आसनाचा पाय हे सारे वेगळे करून दाखवता येते.

तीन फुटी मार्ग म्हटला की कोलोराडोच्या डोंगराळ मुलखात जावे लागते. विल्यम जॅक्सन पामर यांची डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वे १८७० साली स्थापन झाली आणि १८७१ साली डेन्व्हरपासून धावू लागली. तिचे पहिले प्रवासी डबे दूर पूर्वेला डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथे, जॅक्सन अँड शार्प या १८६३ साली सुरू झालेल्या कारखान्यात तयार झाले. हे डबे सुमारे ३५ फूट लांब आणि अवघे ७ फूट रुंद. इतक्या अरुंद जागेत दोन्ही बाजूंना दोघांची आसने बसेनात. तेव्हा कारागिरांनी एका बाजूला दोघांचे आणि दुसऱ्या बाजूला एकाचे आसन ठेवले आणि डब्याच्या मध्यावर बाजू बदलली, म्हणजे तोल दोन्हीकडे सारखा. कल्पना साधी आहे. पण ती ज्याला सुचली त्याने डबा डोळ्यांनी न पाहता पाठीने, बसून पाहिला असला पाहिजे. त्याच कारखान्यात १८८० च्या सुमारास बांधलेल्या डब्यांपैकी काही, वेळोवेळी दुरुस्त होत होत, ड्युरँगो ते सिल्व्हर्टन या मार्गावर अद्याप प्रवासी वाहतात.

अशा डब्याची प्रतिकृती करायला बसलेला माणूस काय करतो? प्लॅस्टिकचे तयार कवच घेऊन रंगवणारेही असतात. त्यांच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. आम्ही बोलतो ते काडी काडी जोडणाऱ्यांविषयी. प्रथम तो आराखडे मिळवतो. वॉशिंग्टनच्या काँग्रेस लायब्ररीत जुन्या इमारतींचे आणि यंत्रांचे मोजून काढलेले नकाशे आहेत. पुलमन कंपनीची दप्तरे शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहेत. इलिनॉय रेल्वे म्युझियमने डब्यांचे आराखडे सांभाळले आहेत. पण आराखडा पुरा डबा दाखवतो. तो कोणत्या क्रमाने उभा राहिला हे सांगत नाही. खांब आधी की वरची पट्टी आधी? खिडकीची चौकट फळ्यांपूर्वी बसते की नंतर? येथे प्रतिकृतिकार अडतो, आणि जेथे अडतो तेथेच तो जुन्या सुताराचा विद्यार्थी होतो. चुकीच्या क्रमाने गेले की शेवटचा तुकडा आत शिरत नाही. लाकूड खोटे बोलू देत नाही.

दुसरा धडा शिरांचा. आपण सगळी मापे वीस पटींनी लहान करू शकतो, पण झाडाच्या शिरा लहान होत नाहीत. खरा ओक किंवा सागवान घेऊन सव्वा मिलिमीटरची पट्टी काढली तर तिच्यावरील शिरा डोंगराच्या घड्यांसारख्या दिसतात आणि ती तुटते. म्हणून बारीक शिरांचे बासवुड किंवा नासपतीचे, चेरीचे लाकूड घ्यावे लागते आणि त्याला रंग देऊन ओकचे किंवा मॅहॉगनीचे सोंग द्यावे लागते. रंगाचेही तसेच. जाड थर दिला की दोन इंची फळ्यांमधील, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या पट्ट्यांमधील, रेषाच बुजतात. पातळ थर, वाळू देणे, घासणे, पुन्हा थर. रंगशाळेचे जुने शास्त्र वेगळ्या कारणाने पुन्हा लागू पडते.

तिसरा धडा ताणसळ्यांचा. जाड्याभरड्या प्रतिकृतीत त्या जागी निव्वळ शोभेची तार ठोकलेली असते. जाणता माणूस पितळी तार खरोखर ताणतो. जास्त ताणली की छोट्या डब्याची पाठ वर उचलते, सैल सोडली तर तो झोल घेतो. दीडशे वर्षांपूर्वी पेच फिरवणाऱ्या कामगाराच्या मनगटाला जे कळत होते, ते याच्या बोटांना कळते. चौथा धडा मोजणीचा. एका बाजूला १५ खिडक्या धरल्या तर दोन्हीकडच्या ३०. प्रत्येकीला वरची आणि खालची अशा दोन झडपा, म्हणजे ६०. प्रत्येक झडपेला चार पट्ट्या, म्हणजे २४० तुकडे, आणि हे फक्त खिडक्यांचे. ते सारखे निघावेत म्हणून तो एक साचा करतो, साच्यात तुकडे बसवतो, सरस लावतो, काढतो, पुन्हा बसवतो. पन्नासाव्या झडपेला त्याची मान दुखते. त्या क्षणी त्याला कारखाना म्हणजे काय याची पुसट कल्पना येते.

पुसटच, कारण येथे एक मोठा फरक आहे. प्रतिकृतिकार मान दुखली की उठतो, चहा घेतो आणि उद्या पुन्हा बसतो. त्याच्या पन्नासाव्या झडपेचा दर कोणी कमी करीत नाही. ज्यांनी खरे डबे बांधले त्यांची गोष्ट वेगळी होती, आणि ती सांगितल्याशिवाय लाकडी डब्याचा इतिहास पुरा होत नाही.

जॉर्ज पुलमन हे स्वतः तरुणपणी लाकडी सामान करण्याच्या धंद्यात होते. १८६७ साली त्यांनी आपली कंपनी काढली आणि १८८० पासून शिकागोच्या दक्षिणेला स्वतःच्या नावाचे गाव वसवले. फिलाडेल्फियाच्या १८७६ च्या प्रदर्शनात गाजलेले अवाढव्य कॉर्लिस इंजिन आणून त्यावर कारखान्याची यंत्रे चालवली. लाकूड यंत्रावर कापले जाई. परंतु बसवणे, घासणे, कोरणे आणि जडावाचे काम हातांचेच होते, आणि ते हात बहुतांशी जर्मनी, स्वीडन, हॉलंड अशा देशांतून आलेल्यांचे होते. गाव सुंदर होते. विटांची घरे, बाग, वाचनालय, नाट्यगृह. पण घर कंपनीचे, दुकानाची जागा कंपनीची, चर्चची इमारतसुद्धा कंपनीची. १८९३ साली मंदी आली. मजुरी सरासरी चौथाईने कापली गेली. घरभाडे एका पैशाने उतरले नाही. भागधारकांना मात्र आठ टक्के लाभांश मिळत राहिला.

११ मे १८९४ रोजी कारखान्यात संप झाला. जूनच्या अखेरीस यूजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेली गाडी न चालवण्याचे ठरवले आणि देशाच्या मोठ्या भागातील वाहतूक ठप्प झाली. न्यायालयाचा मनाई हुकूम आला, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी सैन्य पाठवले, माणसे मेली, संप मोडला, आणि डेब्ज यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे सरकारी आयोगापुढे साक्षी झाल्या. त्यांत जेनी कर्टिस या तरुण शिवणकामगार बाईची साक्ष होती. तिचे वडील कंपनीतच काम करीत मरण पावले, आणि त्यांच्या नावावर थकलेले ६० डॉलर घरभाडे तिला आपल्या मजुरीतून फेडावे लागले. ती डब्यांचे गालिचे आणि पडदे शिवणाऱ्या विभागात होती. आज एखादा प्रतिकृतिकार पुलमनच्या डब्याच्या खिडकीला रेशमाच्या चिंधीचा बोटभर पडदा लावतो आणि सगळे त्याची वाहवा करतात. आम्हांला त्या पडद्यामागे जेनी कर्टिस दिसते.

आणखी एक माणूस त्या डब्यात असतो: बिछाने घालणारा, बूट पुसणारा काळा पोर्टर. डेब्ज यांच्या युनियनने काळ्या कामगारांना सभासद करून घेतले नव्हते. ही त्या लढ्यातली मोठी उणीव होती, आणि तिची किंमत लढ्याला मोजावी लागली. त्या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावले. गावाचे पुढे काय झाले? १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ते विकून टाकायला सांगितले. २०१५ साली अमेरिकन सरकारने ते राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले. स्मारके व्हायला नेहमी उशीर होतो. पण झाले हे बरे झाले.

लाकडी डब्याचा अंतही त्याच्या गुणांतच दडलेला होता. आत शेगडी, तेलाचे दिवे, व्हार्निश प्यालेले लाकूड. २९ डिसेंबर १८७६ च्या रात्री ओहायोतील अ‍ॅश्टाब्युला येथे पूल कोसळून गाडी दरीत गेली. शेगड्यांनी डबे पेटले आणि सुमारे ९२ माणसे प्राणांस मुकली. टक्कर झाली की एक डबा दुसऱ्याच्या पोटात शिरे. पुढे पेनसिल्व्हेनिया रेल्वेने न्यूयॉर्कला नदीखालचे बोगदे खणले. बोगद्यात लाकडी डबा पेटला तर काय, या विचाराने तिने पोलादी डब्यांचा निर्णय घेतला. १९१० साली ते स्थानक उघडले, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुख्य मार्गांसाठी लाकडी डबे बांधणे जवळजवळ संपले. प्रवाशांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. लाकडासाठी माणसे जाळावीत असे म्हणणारे आम्ही नव्हेत.

पण त्या कारागिरांचे काय झाले? ओहायोतील डेटन येथे बार्नी अँड स्मिथ नावाचा कारखाना लाकूडकामाबद्दल प्रख्यात होता. त्याने हंगेरीहून आलेल्या मजुरांसाठी १९०६ च्या सुमारास कोशुथ कॉलनी नावाची वसाहत उभारू दिली होती. तिच्याभोवती उंच कुंपण होते आणि मजुरीऐवजी पितळी बिल्ले मिळत. ते त्या वसाहतीतल्या दुकानातच चालत. स्वातंत्र्ययोद्ध्या कोशुथचे नाव आणि भोवती कुंपण! पोलादाचा जमाना आला, १९१३ साली महापूर आला, आणि १९२१ साली कारखाना कायमचा बंद झाला. पटाशीला रोजगार उरला नाही. रिव्हेट ठोकणारा आला. डबे कुठे गोठे झाले, कुठे शेतावरची घरे झाली, आणि पुष्कळसे लोखंड काढून घेण्यासाठी जाळले गेले. कसब तर जाळावेही लागले नाही. ते माणसांबरोबर आपोआप गेले.

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या किंवा वावरलेल्या माणसाला हे नवे नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या. संपाच्या तारखा आज पुस्तकांत सापडतात. परंतु तुटलेला धागा मागाला न थांबवल्यासारखा कसा जोडीत, हे लिहिलेले क्वचितच आढळते.

आगगाडीच्या डब्यांचा आपला इतिहासही काही कमी नाही. १९१५ साली माटुंग्याला जी.आय.पी. रेल्वेचा डब्यांचा कारखाना निघाला. १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ धावली, तेव्हा तिच्या डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले होते, पण वरची शरीरे या माटुंग्याच्या कारखान्यात आपल्याच कामगारांनी बांधली होती. एक गाडी रुपेरी रंगाची आणि लाल पट्ट्यांची, दुसरी निळी आणि सोनेरी रेषांची. १९५५ साली पेरांबूरला पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९६६ साली ‘डेक्कन क्वीन’चे मूळ डबे बदलले. पुणे-मुंबई प्रवासाच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ झाले. त्या रुपेरी डब्याला रंगाचा शेवटचा हात कोणी दिला, ते कोणी लिहिले नाही.

पुण्यात १९९८ पासून जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे आणि तेथे मुलांची गर्दी असते. तेव्हा हौस आपल्याकडे नाही असे नाही. आमची सूचना एवढीच, की ही हौस एक पाऊल पुढे जावी. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ पासूनची, मार्ग दोन फुटी. एका फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण धरले की ३२ मिलिमीटरच्या रुळावर तिचा डबा बरोबर बसतो. एखाद्या तंत्रशाळेने असा डबा करायला घ्यावा आणि त्यासाठी एखाद्या निवृत्त डबेसुताराला सन्मानाने बोलवावे. मुलांनी साचा करावा, त्याने क्रम सांगावा, आणि एकाने वही घेऊन बसावे. वहीच्या डाव्या पानावर तुकड्यांची नावे लिहावीत, कारागीर जी नावे घेतो तीच, आमच्यासारख्यांनी शुद्ध करून दिलेली नव्हेत. उजव्या पानावर विचारावे: हे काम तुम्हांला कोणी शिकवले? रोज किती मिळत होता? बोट कधी कापले गेले, आणि तेव्हा रजेचा पगार मिळाला का?

डावे पान प्रतिकृतिकार लिहितो. अमेरिकेत त्यांनी ते फार निष्ठेने लिहिले आहे आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. उजवे पान कामगार चळवळीने लिहायचे आहे. दोन्ही पाने एकाच वहीत असली पाहिजेत. कारण ज्या हाताने सव्वा इंचाची खाच अचूक कोरली, त्याच हाताने संपाच्या ठरावावर अंगठा उठवला. कसबाचा अभिमान होता म्हणूनच त्याला मजुरीतला अपमान सहन झाला नाही. हे एकदा ध्यानात आले, की टेबलावरचा तो दोन फुटी डबा खेळणे राहत नाही.